पोराबाळांचे बिऱ्हाड

दुपारचे दोन वाजलेले असतात. जेवण झालेले, पंखा फिरतो आहे, वर्तमानपत्र छातीवर पडले आहे आणि डोळा नुकता लागतो आहे. अशात डोक्यावरच्या स्लॅबवर काहीतरी धप्पकन आदळते. मग काहीतरी घरंगळत जाते, बहुधा गोटी. मग स्टूल ओढल्याचा कर्रर्र आवाज आणि मागोमाग पळणारी चार पावले. मी उठून बसतो. अशा दुपारी किती गेल्या, याचा हिशेब मी ठेवला नव्हता. राग मात्र व्याजासकट साठत होता.

मी घरमालक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण भाडेकरूंच्या हक्कांवर लिहिणारा माणूस स्वतः भाडेकरूच असणार, असा आपला समज असतो. सावेडीत आमचे दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी, वर बिऱ्हाड. बिऱ्हाड पाथर्डी तालुक्यातले. वडील गावी शेती पाहतात आणि रविवारी येऊन जातात. आई दोन मुलांना घेऊन इथे राहते. मुलगा तिसरीत, मुलगी पहिलीत. मुलांची शाळा नीट व्हावी म्हणून नगरला खोली केलेली. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडची अशी बिऱ्हाडे सावेडी-केडगावच्या गल्ल्यांतून पुष्कळ सापडतील. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आमच्या पिढीच्या तोंडचे ‘नगर’ काही सुटत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

तर गेल्या जानेवारीत माझा धीर सुटला आणि मी एका वकील मित्राकडे गेलो. म्हटले, “वरच्यांना नोटीस द्यायची आहे.” त्याने कागद पुढे ओढला. “कारण काय लिहू?” “लिही की, मुलांचा गोंगाट असह्य झाला आहे.” तो हसला. म्हणाला, “हे कारण लिहिलंस तर उद्या तुलाच ते सिद्ध करत बसावं लागेल. आणि लिहायचंच कशाला? तुझा अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीअखेर संपतोय. नवा करू नकोस म्हणजे झालं. कारण सांगायची गरजच नाही.”

खरे तर माझे काम सोपे झाले होते. तरी घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण सांगायची गरजच नाही! ज्या मुलांसाठी त्या बाईने शहरात खोली केली, त्याच मुलांमुळे तिची खोली जाणार होती. तीही वार्षिक परीक्षेला दीड-दोन महिने उरले असताना. आणि तिला ते सांगायचीही कुणावर सक्ती नव्हती. मी त्या आठवड्यात कायदा वाचायला घेतला. जे समजले, ते माझ्यासारख्या मालकांना आणि वरच्या मजल्यावरच्या मायबहिणींना, दोघांनाही ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. या नव्या कायद्याचे पंधरावे कलम सांगते की, भाडेकरू ठरलेले भाडे आणि रास्त वाढ देत असेल आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळत असेल, तर मालकाला जागेचा ताबा एरवी मागता येत नाही. ताबा कोणत्या कारणांनी मागता येतो, ती कारणे सोळाव्या कलमात आहेत. त्यांतले एक कारण उपद्रवाचे आहे: भाडेकरू किंवा त्याच्याबरोबर राहणारी व्यक्ती लगतच्या वा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे वर्तन करत असेल, तर न्यायालय ताबा देऊ शकते. ‘बरोबर राहणारी व्यक्ती’ यात मुले येतातच.

पण इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. पहिली म्हणजे, न्यायालयाचे समाधान व्हावे लागते. मालकाच्या कपाळावर आठी पडली, एवढ्याने भागत नाही. दुसरी म्हणजे, प्रत्येक आवाज हा काही उपद्रव नव्हे. उपद्रवाची कसोटी सर्वसाधारण माणसाची असते, दुपारी झोप न लागणाऱ्या चिडक्या म्हाताऱ्याची नसते. कुणी रोज रात्री बारापर्यंत मुद्दाम आदळआपट करत असेल, सांगूनही ऐकत नसेल, चार शेजारी साक्षीला उभे राहत असतील, तर ती गोष्ट वेगळी. पण सहा वर्षांची पोर पळते, पडते, रडते, पाढे मोठ्याने म्हणते, यात वर्तनाचा दोष कोणता? घर राहायला दिले म्हणजे त्यात माणसे राहणार, आणि माणसांत लहान माणसेही असणार. पाळण्यातल्या पोराने रात्री रडू नये, अशी अट घालणारा मालक अजून जन्माला यायचा आहे. निदान तशी लेखी अट घालणारा तरी!

म्हणजे कायदा मुलांच्या बाजूचा आहे, असे वाटते ना? मलाही वाटले. पण खरी मेख पुढेच आहे. आज शहरांत नव्याने संसार मांडणारी बहुतेक बिऱ्हाडे कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ नसतातच. ती असतात ‘परवानाधारक’. आपण ज्याला लीव्ह अँड लायसेन्स म्हणतो, त्या कराराने त्यांना जागा वापरायची नुसती परवानगी मिळालेली असते. याच कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार करार संपला की जागा सोडायची. सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी ठरल्या रकमेच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. समन्स हाती पडल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागितली नाही, तर बोलायची संधीही जाते. तिथे उपद्रवाचा पुरावा कुणी विचारत नाही, कारण कारणच विचारले जात नाही. सोळाव्या कलमाची भक्कम भिंत आहे खरी, पण आजचे बिऱ्हाड त्या भिंतीच्या बाहेर उघड्यावर उभे आहे.

हे असे का झाले, याचाही प्रामाणिक विचार केला पाहिजे. सगळा दोष मालकांच्या माथी मारणे सोपे आहे. आमचे बालपण माळीवाड्यातल्या एका वाड्यात गेले. आम्ही पाच-सहा बिऱ्हाडांतली मिळून पंधरा-वीस पोरे होतो. आमच्या मालकीणबाई दिवसातून चार वेळा ओरडत. पण आमच्या आवाजापायी कुणाचे बिऱ्हाड त्यांनी उठवल्याचे मला आठवत नाही. हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होता, तसाच जुन्या कायद्याचा धाकही होता. त्या धाकाची किंमत मालकांनी मोजली, हेही खरे. जुन्या कायद्याने अनेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवून ठेवले होते. वाड्याची कौले शाकारायला जेवढा खर्च येई, तेवढे भाडे वर्षभरात जमत नसे. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीला अवाजवी ठरवले, आणि १९९९ च्या कायद्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची सोय केली.

मधल्या काळात मालकांनी ‘परवान्या’ची पळवाट शोधली होती. सरकारने १९७३ मध्ये ती बुजवली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच की, जागा कुणाला दीर्घकाळ देऊच नये. अकरा महिन्यांची प्रथाही अशीच. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागे, म्हणून मुदत बारा महिन्यांच्या आत ठेवायची. आता १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने भाड्याचा असो वा परवान्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे. म्हणजे अकरा महिन्यांमागचे मूळ कारण उरलेले नाही, आकडा मात्र चिकटून राहिला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे या कुटुंबांचे बिऱ्हाड दर अकरा महिन्यांनी पाठीवर.

आणखी एक गोष्ट या काळात बदलली, तिच्याकडे आपले लक्षच गेले नाही. मुलांचा आवाज वाढलेला नाही, त्याला मुरायला असलेली जागा आटली आहे. वाड्याला चौक होता, ओसरी होती, मातीची जमीन होती. आम्ही पंधरा पोरे ओरडत असू तो आवाज आभाळात जाई. आज तीच मुले दहा बाय बाराच्या खोलीत, फरशीवर खेळतात, आणि फरशीखाली माझे डोके असते. अंगण आम्ही मालकांनीच फरश्या टाकून गाड्यांना दिले. गल्लीत मोटारसायकलींची ये-जा; आई मुलांना खाली सोडत नाही. मग तो चेंडू जाणार कुठे?

एक विसंगती तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडली तर. वरातीतला डीजे घरासमोरून जातो तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात. तेव्हा आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. त्या दणदणाटाविरुद्ध तक्रार करायची आपली छाती होत नाही, आणि पहिलीतल्या पोरीच्या धावण्याविरुद्ध मात्र आपण नोटीस लिहायला निघतो! राग निघतो तो नेहमी दुबळ्यावरच.

दुसरीकडे हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मन माणसाची शांततेची आवड प्रसिद्ध. तिथे बालवाड्या आणि खेळाची मैदाने यांच्या आवाजाविरुद्ध शेजारी न्यायालयात जात. अखेर २०१० मध्ये बर्लिन शहर-राज्याने कायद्यात लिहिले की, मुलांचा आवाज हा त्यांच्या नैसर्गिक वाढीचा भाग आहे आणि तो सर्वसाधारणपणे सहन करण्याजोगा मानावा. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, तिथल्या केंद्रीय कायद्यानेही बालवाड्या व क्रीडांगणांतल्या मुलांचा आवाज एरवी हानिकारक धरू नये, असे ठरवले. अमेरिकेने १९८८ मध्ये घरांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून, अठरा वर्षांखालील मुले आहेत एवढ्याच कारणाने घर नाकारण्यास बंदी केली. त्यालाही अपवाद आहेत; वृद्धांसाठीच्या वसाहती वगळल्या आहेत, आणि मालक स्वतः जिथे राहतो अशी चार बिऱ्हाडांपर्यंतची घरेही. म्हणजे माझे दुमजली घर तिथेही सुटले असते! पण निदान तत्त्व तरी लिहून ठेवले आहे. आपण १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य केला आहे. दिल्लीने स्वीकारलेला हा हक्क सावेडीच्या जिन्यापर्यंत अजून पोचलेला नाही, एवढेच.

मग आज, या घडीला, अशा बिऱ्हाडाच्या हाती काय आहे? अगदीच काही नाही असे नव्हे. करार नोंदवून घ्यावा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत बिऱ्हाडकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी; ती देणे मालकाला बंधनकारक आहे. मुलांवरून सुरू झालेले भांडण पुष्कळदा ‘भाडे थकवले’ या आरोपावर जाऊन थांबते, तेव्हा हीच पावती कामी येते. भांडण कितीही होवो, भाडे थांबवू नये. भाडेकरूचे पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. एकोणतिसाव्या कलमाखाली दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. सामान बाहेर फेकणे, कुलूप बदलणे हे तर मालकाने करूच नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे की, स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असे धरले तरी, कायद्याच्या मार्गानेच काढावे लागते. तसे न करता बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. हा कायदा किती आयांना ठाऊक आहे?

खेड्यांची गोष्ट निराळी. भाडे नियंत्रण कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या गावा-शहरांपुरताच आहे. त्याबाहेर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर उठवता येते. म्हणून आपले गाव अनुसूचीत आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

आता माझी गोष्ट पुरी करतो. नोटीस द्यायची नाही असे अजून ठरले नव्हते. एका दुपारी पाण्याच्या टाकीचे निमित्त करून मी वर गेलो. दार उघडेच होते. खोलीभर गोधड्या अंथरलेल्या. माझा आवाज नको म्हणून त्या माउलीने गावाहून आणलेल्या होत्या-नव्हत्या त्या सगळ्या गोधड्या फरशीवर घातल्या होत्या. थंडीचे दिवस, रात्री पांघरायला त्याच झटकून घेत असणार. मुलगी मोरीकडून येत होती, टाचा उचलून, नुसत्या बोटांवर. मला पाहून ती तशीच उभी राहिली, पाय न टेकता. आई घाईने म्हणाली, “काका, आता नाही हो करत ती आवाज. शिकवलंय मी तिला.”

स्वतःच्या घरात मूल चवड्यावर चालते, हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते माझ्यामुळे चालत होते.

त्या दिवशी आम्ही खाली बसून बोललो. जे सहा महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत बोलता आले असते, ते. दुपारी एक ते चार आणि रात्री दहानंतर चेंडू, गोट्या, उड्या बंद. स्टुलाच्या पायांना जुन्या ट्यूबचे रबर. आणि माझी जुनी स्कूटर, जी दोन वर्षे चालू झालेली नव्हती, ती भंगारात. म्हणजे अंगणाचा तेवढा कोपरा मुलांना. बिऱ्हाडाचीही काही जबाबदारी असते, हे त्या बाईने माझ्याआधी ओळखले होते. खालच्या मजल्यावर आजारी माणूस असेल, एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला कामगार झोपला असेल, तर त्याच्या झोपेचाही हक्क आहेच. मुलांना ते समजावून सांगता येते. फक्त समजावणे वेगळे आणि धाकात ठेवणे वेगळे.

पण सगळे माझ्या मर्जीवर चालले, ही गोष्ट मला खटकते. मी वर गेलो नसतो तर? हक्क म्हणजे मालकाला सद्बुद्धी होण्याची वाट पाहणे नव्हे. म्हणून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एक, करार चालू असताना मुलांचा रोजचा, साधा आवाज हे तो मोडण्याचे कारण होऊ शकत नाही, असे कायद्यात एका ओळीत लिहावे. खराखुरा उपद्रव असेल तर सोळाव्या कलमासारखाच पुरावा द्यावा. दोन, शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला शैक्षणिक वर्षाच्या मध्ये जागा सोडायला लावू नये. मालकांचे यात काही जात नाही. जागा त्यांचीच राहते, ताबाही मिळतो. फक्त काही आठवड्यांनी.

आणि कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. शाळा जूनमध्ये उघडतात. १ जूनला सुरू केलेला अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो. तोवर परीक्षा आटोपत आलेल्या असतात. जो आकडा आपण केवळ सवयीने धरून ठेवला, तोच मुलांच्या उपयोगी पडू शकतो. आम्ही फेब्रुवारीअखेर तीन महिन्यांचा छोटा करार केला आणि १ जूनपासून नवा नोंदवला. त्यात दुपारी एक ते चारची अट आहे. अंगणाचा कोपराही लिहिला आहे. वकील मित्र म्हणाला, असे कुणी लिहीत नाही. मी म्हटले, लिही.